श्वासाचा ठेका

आबा, तुमचा पखवाज परवापर्यंत कोपऱ्यातच उभा होता. डाव्या पुडीवरची कणीक वाळून तडकली होती.

पायांना मुंग्या आल्या तेव्हा आम्ही सगळे तुमच्या पायांकडेच पाहत राहिलो. ज्या नसा कुणाच्या हुकमाविना राबतात, त्यांची आठवण कुणालाच नव्हती. त्यांतली सर्वांत लांब व्हेगस, मेंदूतून निघून हृदयाला, जठराला, आतड्यांना भेटत जाणारी. वर्षानुवर्षं वाढलेली साखर लांब नसांना आधी गाठते.

एडिनबरोच्या यूइंग आणि क्लार्क यांनी 1970च्या दशकात या नसा जोखायच्या साध्या चाचण्या रुळवल्या. त्यांतलीच एक तुमची झाली : मिनिटाला सहा संथ श्वास, सोबत ईसीजी. धडधाकट हृदय श्वास घेताना किंचित धावतं, सोडताना रेंगाळतं. तुमच्या पट्टीवरचे ठोके मात्र एकसारख्या अंतरावर. आई म्हणाली, "किती नियमित आहेत!" माझ्या पोटात गोळा आला. गाणारा श्वास घेईल तिथे हात जरा थांबला पाहिजे, असं तुम्ही मंडळातल्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल. तुमच्या हृदयाला तुमचाच श्वास ऐकू येईनासा झाला होता.

मग बसल्या जागी नाडी शंभरावर. दुपारची भाकरी रात्रीपर्यंत पोटात तशीच. इन्सुलिन आपल्या वेळेला येऊन जायचं, अन्न मागाहून. तळवे कोरडे, भेगाळलेले, आणि जेवायला बसलात की कपाळावरून घामाच्या धारा. आडवे असताना 150 असलेला रक्तदाब उभं राहताच 110 व्हायचा, म्हणून आई तुम्हाला आधी खाटेच्या कडेला बसवायची, मग हात द्यायची. लघवीची आठवणही तीच घड्याळ बघून करायची. साखर पन्नासवर उतरली तरी हात थरथरायचे नाहीत. ते थरथरणं केवढी माया होती, आबा, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या पहाटे छातीत कळ आलीच नाही. "जरा दम लागलाय," एवढंच म्हणालात. मी पंखा वाढवला. तेवढंच केलं मी.

परवा मंडळाची पोरं पखवाज न्यायला आली. मी कणीक मळली, पुडीला लावली. रात्री देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होतो. बुवांनी श्वास घेतला, आणि त्या पोराचा हात जरासा थांबला.