पोचलं का?

'सेव्ह'वर क्लिक केलं की आपण निर्धास्त. चहा, गप्पा आणि सुटलो घरी! मीसुद्धा यातलीच. भंडाऱ्याच्या त्या दुपारपर्यंत...

आजोळी गेले होते. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. शेजारच्या कारागीर आजोबांशी तासभर बोलले. मागे हातोडीची ठकठक, एकदम मस्त! घरी येऊन रेकॉर्डिंग ऑफिसच्या नेटवर्क फोल्डरमध्ये टाकलं आणि रेकॉर्डर रिकामा केला. मध्ये नेट गेलं होतं, पण तक्रार काही आली नाही. पुण्यात फाइल उघडली, तर बारा मिनिटांनंतर शांतता!

सिस्टिम सांभाळणाऱ्या मित्राने उलगडा केला. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास आणलेल्या एनएफएसमुळे दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्याच मशिनवर असल्यासारखी दिसते. फसतो ते इथेच. माझं फोल्डर 'सॉफ्ट' पद्धतीने जोडलेलं होतं. सर्व्हर बोलला नाही की क्लायंट काही वेळा विचारतो, मग एरर देऊन मोकळा. कॉपी करणाऱ्या माझ्या जुगाडू स्क्रिप्टने ती एरर पाहिलीच नाही.

'हार्ड' क्लायंट मात्र चिवट. सर्व्हर परत येईपर्यंत विचारतच राहतो. प्रोग्रॅम अडकतो, आपण वैतागतो, पण डेटा गुपचूप गायब होत नाही. तोच तुकडा दोनदा गेला तरी घोळ नाही, कारण 'फाइलमध्ये अमुक जागी लिही' हे सोबतच सांगितलेलं असतं.

आणि सर्व्हर 'मिळालं' म्हणाला तरी डेटा फक्त त्याच्या मेमरीत असू शकतो. म्हणून १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून क्लायंट नंतर 'कमिट' मागतो: डिस्कवर उतरलं ना? मध्येच सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर उत्तरातला खुणेचा आकडा बदलतो आणि क्लायंट पुन्हा पाठवतो. तोवर स्वतःची प्रत सोडत नाही. मी नेमकी तीच सोडली होती!

पुढच्या खेपेला आजोबांनी सगळं पुन्हा सांगितलं, न कुरकुरता. फक्त ठकठक नव्हती. मधल्या काळात त्यांनी काम बंद केलं होतं.

निघताना आजी नेहमीचंच म्हणाली, "पोचली का फोन करजो." नाही केला तर ती करते. नाही उचलला तर पुन्हा करते. गाडीत बसले म्हणजे पोचले, हे तिला मान्यच नाही.

आता माझं फोल्डर 'हार्ड' आहे. फाइल पूर्ण ऐकल्याशिवाय रेकॉर्डर रिकामा करत नाही. कधीतरी सगळं अडकतं, आणि लॉगमध्ये दिसतं: 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. मी चिडत नाही. आजीला फोन लावते.