गोळी संपते त्या दिवशी

संपादकांनी विषय दिला होता ‘ग्रामीण भागातील रक्तदाब, मधुमेह आणि जागृतीची गरज’. त्यातली जागृती मी बाजूला ठेवतो. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत बीपी आणि शुगर हे शब्द न ऐकलेलं घर आता शोधावं लागेल. निदान न झालेले रुग्ण पुष्कळ आहेतच. पण निदान होऊन महिन्याभरात गोळी सुटलेला माणूस आपल्या हिशेबात ‘सापडलेला’ म्हणून जमा होतो, आणि खरी गफलत तिथेच आहे. शिबिरात बीपी मोजतात, तीस गोळ्या देतात, फोटो काढतात. एकतिसाव्या दिवसाची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं नसेल तर ते शिबिर नाही, जत्रा आहे.

गावकऱ्यांचा गोळ्यांवर विश्वास नसतो, ही तक्रार मला पटत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून कोकणातले किती जीव वाचवले, हे रायगडकरांना सांगायला नको. हे प्राझोसिन मुळात रक्तदाबाचं औषध आहे. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, ते त्या सैल करतं. म्हणजे बीपीच्या गोळीवर या जिल्ह्याने केव्हाच विश्वास टाकला आहे. फरक एवढाच की विंचू कळ देतो आणि वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच देत नाही, तो थेट अर्धांगवायू देतो. ‘चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्रास थांबला की औषध थांबवायचं, हे आम्ही डॉक्टरांनीच तापाच्या गोळ्या देताना शिकवलं आहे.

यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात कोकणातला सिंधुदुर्ग होता. मोजकी ठरलेली औषधं, त्यांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रावर तपासणी आणि न आलेल्याची विचारपूस, एवढंच त्याचं सूत्र. माझ्या व्यवसायबंधूंना ते खटकतं. प्रत्येक रुग्ण वेगळा, सगळ्यांना ॲम्लोडिपिनच कसं, असं ते विचारतात. रुग्ण वेगळे असतात हे खरं, पण बहुतेकांची सुरुवात सारखी करता येते. तज्ज्ञाने आपला वेळ उरलेल्यांसाठी राखावा. त्याहून मला चीड येते ती १३० की १४० या वादाची. २०१७ मध्ये अमेरिकी संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेघ १३०/८० वर आणली. तेव्हापासून परिषदांमध्ये दुसरा विषय नाही. वाद शास्त्रीय आहे, त्यामागे मोठे अभ्यास आहेत. पण ज्याचा वरचा आकडा औषधाविना १७० आहे, त्याला तो १४० पर्यंत उतरला तरी मोठा लाभ आहे. नुसते १० अंक उतरले तरी अर्धांगवायूचा धोका साधारण चौथ्या हिश्शाने घटतो.

आहाराचं काय, असं विचारलं जाईल. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला योग्यच आहे. पण १ जूनला मासेमारी बंद झाल्यावर कोळीवाड्याला सुकट-बोंबील सोडायला सांगणं म्हणजे कालवण सोडायला सांगणं. खारवलेलं म्हावरं भिजवून, पाणी फेकून शिजवा, एवढं सांगता येतं. ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नव्हे.

म्हणून औषधाचं वेळापत्रक गावाच्या वेळापत्रकावर बेतावं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बीपी स्थिर असलेल्यांना जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणि कुठल्याही केंद्रावर चालेल असा कागद द्यावा. मधुमेहात मात्र माझा हात आखडतो. मेटफॉर्मिन देता येईल, पण ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं तर साखर धोकादायक उतरते, आणि भट्टीवर जेवण चुकतंच. इन्सुलिनला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो. त्या माणसासाठी गोळ्यांची मोठी पुडी हे उत्तर नाही. भट्टीजवळच्या केंद्राने त्याला आपला रुग्ण मानणं, हे आहे.