सामानाजवळची खुर्ची

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आमच्या घरात दोन विषय निघतात. एक, शबे-कद्रला कोण किती जागणार. आणि दुसरा, बासी ईदला कुठं जायचं. पहिल्यावर मोठी माणसं बोलतात, दुसऱ्यावर मुलं. ईदचा दिवस नमाज, शीरखुर्मा, गळाभेटी आणि पाहुण्यांचा चहा यांतच संपतो. बायकांचा तर ओट्यापाशीच संपतो. मुलांची खरी ईद दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नालासोपारा, मीरा रोड, मुंब्रा, भिवंडी इथून टेम्पो भरभरून निघतात. कुणी अर्नाळा, राजोडी, कळंबच्या समुद्रावर जातं, कुणी तिथल्याच वाड्यांमधल्या रिसॉर्टात, आणि ज्यांच्या खिशाला झेपतं ते वॉटर पार्कला.

यात चंद्राचाही हात आहे. आपली ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २००० साली तर ती दोनदा आली, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. त्या थंडीत पाण्यात कोण उतरणार? २०१३ ते २०१८ या वर्षांत ती पावसात सापडली. २०२० आणि २०२१ची ईद करोनामुळे घरातच गेली. नंतर मात्र २०२२च्या मेपासून ती ऐन उन्हाळ्यात आली आणि बासी ईद अन् वॉटर पार्कचा हंगाम यांची गाठ पडली. आणखी काही वर्षांनी ती पुन्हा थंडीत जाईल. तोवर मुलं मोठी झालेली असतील आणि आमच्याबरोबर यायला राजी असतील की नाही, कोण जाणे.

आम्ही म्हणजे तीन भावंडं, दोन सुना, एक जावई, पाच मुलं, अब्बा आणि अम्मी. अब्बा मूळचे खेड तालुक्यातले. डोंगरीतल्या एका खोलीत सात माणसं मावेनात म्हणून १९८६ साली नालासोपाऱ्याला आले. तेव्हा इथं भाताची खाचरं होती, मिठागरं होती आणि विरार लोकलमध्ये चढायला जागाही मिळायची. आमच्या लहानपणी करमणुकीची जागा म्हणजे डिसेंबरातला माहीमचा मेळा. मखदूम फकीह अली माहिमी १४३१ साली वारले. त्यांच्या नावानं भरणाऱ्या मेळ्यात आकाशपाळणे, मौत का कुआँ, खाजा, हलवा-पराठा असं सारं असायचं. आत शिरायला तिकीट नाही, अंगावर काय आहे याची विचारपूस नाही. अम्मी बुरख्यातच आकाशपाळण्यात बसायची आणि पाळणा वर गेला की कलमा पढायची. खाली आली की म्हणायची, “अजून एक फेरी घेऊ या का?” हे आम्हाला पक्कं आठवतं, आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगायची आहे.

१९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक पोर तिथून घरी जायला तयार नसायचं आणि ते बघून आम्ही तिथं जायचा हट्ट धरायचो. जायचं तर मालाडला उतरून मार्वेच्या जेट्टीवरून बोट, नाहीतर भाईंदरहून उत्तनवरून रस्ता. नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडी तेवढी आडवी, पण अब्बांच्या पगाराला ते फार दूर होतं. ते आम्हाला अर्नाळ्याच्या वाळूत नेऊन सोडायचे आणि म्हणायचे, “हे बघा, अल्लाहचं एस्सेलवर्ल्ड. तिकीट माफ.” १९९८ साली त्याच आवारात वॉटर किंगडम उभं राहिलं. एस्सेलवर्ल्ड आम्ही पाहिलं ते नोकऱ्या लागल्यावर, स्वतःच्या पैशानं, आणि खरं सांगायचं तर तोवर थोडा उशीर झाला होता. त्या उंच घसरगाडीला वर खेचून नेते ती साखळी. एकदा माथ्यावरून सुटली की पुढचं सारं काम गाडीच्या वजनाचं आणि उताराचं, इंजिनाचं नव्हे, हे शाळेत वाचलेलं तिथं पोटात कळलं. करोनात ते बंद पडलं आणि पुन्हा पूर्वीसारखं काही उघडलं नाही. आमच्या मुलांना त्याचं नावसुद्धा सांगून कळत नाही. त्यांना ठाऊक आहे ते खोपोलीजवळचं, २०१३ सालचं इमॅजिका, आणि आपल्याकडचं शिरसाड फाट्यावरून पारोळकडे जाताना लागणारं ग्रेट एस्केप.

२०२३ साली ईद शनिवारी, २२ एप्रिलला आली. म्हणजे बासी ईद रविवारी! सगळ्या मुंबईला सुट्टी. आम्ही एक पार्क ठरवलं. कुठलं ते इथं महत्त्वाचं नाही. टेम्पो केला, मुलांची ईदी मोठ्यांनी ‘तात्पुरती’ उसनी घेतली (ती अजून परत दिलेली नाही), आणि निघालो. अम्मीनं पहाटे उठून बिर्याणीचं पातेलं बांधलं होतं. बाहेरचं खाणं आत चालत नाही हे आम्हाला माहीत होतं, अम्मीला सांगायला कुणी धजलं नव्हतं. दरवाज्यावर पिशव्या उघडल्या गेल्या आणि पातेलं टेम्पोत परत गेलं. त्या तपासणीत काही वाकडं नव्हतं. सगळ्यांच्याच पिशव्या उघडत होते आणि आमच्यापुढच्या कुटुंबाचे ढोकळेही अडवले गेले. पण अम्मीचा चेहरा जो उतरला तो उतरला.

त्यानंतर कपड्यांची खिडकी. पाण्यात उतरायचं तर नायलॉनचेच कपडे हवेत, सुती चालणार नाहीत. अब्बांना हा पैसे उकळण्याचा प्रकार वाटला. तिथल्या मुलानं नीट समजावलं. सुती कापडाचे धागे सुटतात आणि गाळणीत अडकतात. शिवाय सैल कपडा, ओढणी घसरगुंडीच्या सांध्यात किंवा पाणी खेचणाऱ्या जाळीत अडकली तर जिवावर बेतेल. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खोट होती ती फळीवर. भाड्यानं द्यायला बायकांसाठी जे होतं ते कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय, एवढंच. सुनांनी आणि आपानं घरूनच लांब पायांचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणले होते. अम्मीसाठी कुणीच काही आणलं नव्हतं. तिनं खिडकीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “मी बसते सामानाजवळ. तुम्ही जा.”

आम्ही गेलो. लगेच गेलो. एकदाही वळून विचारलं नाही.

लाटांच्या तलावाजवळ प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग होती. दुपारी दमून काठावर आलो तेव्हा ती रांग पहिल्यांदा नीट दिसली. आमची अम्मी, तिच्याशेजारी नऊवारीतली एक आजी, पलीकडे गुजराती पद्धतीची साडी नेसलेल्या एक बाई, मग आणखी दोन बुरखे. प्रत्येकीच्या मांडीवर टॉवेल, पायाशी चपलांचा ढीग, गळ्यात दुसऱ्या कुणाचा तरी मोबाइल. एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी चालली होती. संध्याकाळपर्यंत अम्मीला त्या आजींचा जावई कुठल्या बँकेत आहे हेही कळलं होतं. आम्ही मनात म्हणत होतो की अम्मी पाण्यात आली नाही ती पडद्यामुळे. मग त्या नऊवारीला कुणी अडवलं होतं? आणि माहीमच्या पाळण्यात पडदा कुठं आडवा आला होता?

जोहरची वेळ झाली तशी अब्बांनी वजू करून नमाजला जागा विचारली. पहारेकऱ्यानं झाडामागची हिरवळ दाखवली आणि तिथं चेंडू खेळणाऱ्या पोरांना थोडा वेळ बाजूला काढलं. हेही सांगायला हवं, कारण अशा जागांबद्दल आपण लिहितो तेव्हा बहुधा तक्रारच लिहितो.

तलावाचं गणित मात्र आमच्या नववीतल्या भाच्यानं मांडलं. पावलांनी मोजून त्यानं लांबी चाळीस मीटर धरली, रुंदी वीस, खोली सरासरी एक. आठशे घनमीटर, म्हणजे आठ लाख लिटर पाणी. आमच्या सोसायटीत येणारा टँकर दहा हजार लिटरचा. “अम्मी, ऐंशी टँकर!” तो ओरडला. अम्मी उठून उभीच राहिली. नालासोपाऱ्यात टँकरच्या भोंग्यावर कान ठेवून जिचं अर्धं आयुष्य गेलं, मधल्या रात्री पाणी आलं म्हणून जिनं चार मजले हंडे चढवले, ती त्या निळ्या पाण्याकडे बघत राहिली. भिंतीमागच्या कप्प्यांत पंख्यानं हवा दाबतात, हवा पाणी ढकलते आणि लाट तयार होते. दहा-पंधरा मिनिटं लाटा, मग विश्रांती. लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला तशी अम्मी चटकन म्हणाली, “टँकर आला का?” आम्ही सगळे हसलो. तीही हसली, पण आमच्याइतकी नाही.

त्या ऐंशी टँकरांवरून रागावणं सोपं आहे आणि परतीच्या वाटेवर अब्बा रागावलेही. पण असं पाणी रोज फेकत नाहीत. वाळूच्या गाळणीतून फिरवून, क्लोरीन घालून तेच वापरतात. उडालेलं, आटलेलं तेवढं वर भरतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी दोन वर्षं गळत होती, तिचा हिशोब भाच्यानं मांडलेला नाही. वसई-विरारच्या तहानेचं कारण वॉटर पार्क नव्हे. माणसं आधी आली, इमारती आधी उठल्या, नळ मागून आला. सूर्या धरणाच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेतलं १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारच्या वाट्याचं, ते यायला २०२३ सालची अखेर उजाडली.

परतताना महामार्गालगत टेम्पो थांबवून बिर्याणी खाल्ली. गार झाली होती. हात धुताना थोरल्या सुनेनं सहज विचारलं, “आपण लॉकर का नव्हता घेतला?” कुणीतरी म्हणालं, कशाला उगीच भाडं, अम्मी होती ना. म्हणणारा कोण होता ते आता कुणी कबूल करत नाही. पण वाक्य बोललं गेलं, आणि अम्मी तिथंच चूळ भरत उभी होती.

ते वाक्य वर्षभर घरात राहिलं. मध्येच बायकांच्या पोहण्याच्या कपड्यांवर वादही झाला. एक मामू म्हणाले, आपल्या बायकांनी अशा जागी जाऊच नये. एक शिकलेला भाऊ म्हणाला, अंगभर कपडे घालून पोहणं म्हणजे मागासपणा. ऑस्ट्रेलियात आहेदा झनेट्टी या बाईंनी २००४ साली बुर्किनी तयार केली, ती समुद्रावर जाता यावं म्हणून. २०१६ साली फ्रान्समधल्या काही गावांनी किनाऱ्यावर तिला बंदी केली आणि ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्यातल्या एका गावाची बंदी उठवली, हे सगळं त्या वादात निघालं. फ्रान्सपर्यंत जाऊन आलो आम्ही. स्वयंपाकघरात जाऊन अम्मीला मात्र दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

विचारलं ते आपानं, २०२४च्या रमजानमध्ये. अम्मी म्हणाली, “मला पाण्याची भीती नाही. तुझ्या आजोळी ओहोटीला आम्ही खाडीत कमरेपर्यंत उतरायचो, तिसऱ्या काढायला. लुगड्याचा काचा मारून.” आम्हाला हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वीची जगबुडीच्या काठची ती मुलगी कुणी पाहिलीच नव्हती. आपा मुंब्र्याला गेली आणि पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, डोक्याला टोपी असलेला गडद निळा पोशाख घेऊन आली. अम्मीनं किंमत विचारली. आपानं निम्मी सांगितली.

त्या वर्षी ईद गुरुवारी होती. बासी ईद जुम्याची, म्हणून आम्ही शनिवारी, १३ एप्रिलला गेलो. बिर्याणी घरीच ठेवली. लॉकर घेतला. खुर्च्यांची रांग तशीच होती, बायका वेगळ्या. अम्मी त्या रांगेपाशी थांबली. सवयीनं तिनं टॉवेल हातात घेतलेच होते. नातीनं ते काढून घेतले. पाण्यात ती गुडघ्यापर्यंत गेली, मग कमरेपर्यंत. तिथं थांबून तिनं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं. “औषधाचा वास येतो.” भोंगा वाजला. पहिली लाट आली तशी तिनं दोन्ही बाजूंच्या सुनांचे दंड घट्ट धरले आणि मोठ्यानं कलमा पढली. लाट ओसरली. “अजून येते का?” तिनं विचारलं. पुढची पंधरा मिनिटं तिनं कुणाचंच ऐकलं नाही.

काठावरून अब्बा हात हलवत होते. मोबाइल त्यांच्या गळ्यात होते आणि चपला त्यांच्या पायाशी. त्यांना ते काम नवीन होतं. दोन जोड इकडचे तिकडे झाले.

लॉकरची किल्ली लवचिक पट्ट्यात अडकवलेली असते, ती अम्मीनं आपल्याच मनगटात घालून घेतली होती. दर लाटेनंतर ती चाचपून बघायची. संध्याकाळी खिडकीवर किल्ली देऊन डिपॉझिट परत घेतलं तेही तिनंच. नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाली, “हे माझे.”