यादी कुणाकडं होती?

१९८६ चा उन्हाळा असावा. साताऱ्यात आमच्या गल्लीत भाड्याचा व्हीसीआर आला की ती रात्र सगळ्या गल्लीची असायची. समोरच्या वाड्याच्या ओसरीवर टीव्ही काढलेला, अंगणात सतरंज्या, कडेला म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. एका रात्रीचं भाडं वसूल व्हावं म्हणून तीन सिनेमे ओळीने लागायचे. त्या रात्री तिसरा होता 'रॅम्बो'. पहाट व्हायला आली होती, तरी एकही पोर झोपलं नव्हतं.

त्यातली एक गोष्ट आजही डोळ्यांपुढून हलत नाही. बांबूचा पिंजरा. आत चिखलात बसलेली, दाढी वाढलेली, हाडांची काडं झालेली माणसं. युद्ध संपून दहा-बारा वर्षं झालेली, जग त्यांना विसरून गेलेलं, आणि एकदम पिंजऱ्याच्या गजांपलीकडे आपल्या भाषेत बोलणारा एक माणूस उभा. तिथे आम्ही शिट्ट्या मारल्या नाहीत. बाण सुटायला लागले तेव्हा मारल्या, हेलिकॉप्टर उडालं तेव्हा तर गल्ली दणाणली. पिंजऱ्यापाशी मात्र सगळे गप्प होते.

आबा त्या कडेच्या खुर्च्यांपैकी एकीवर बसले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. सिनेमा संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पोरा, ह्या कैद्यांची यादी कुणाकडं होती रं?"

मला प्रश्नच कळला नाही. एवढी मारामारी बघून यादीचं काय घेऊन बसलेत, असं वाटलं. प्रश्न कळायला मला वीस वर्षं लागली.

आबा १९७२ मध्ये जबलपूरकडच्या एका छावणीवर पहाऱ्याला होते. ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीनंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० माणसं आली होती, त्यांतल्या काही शेकड्यांची रोजची गिनती आबांच्या तुकडीकडे होती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आकडा जुळला नाही तर जेवण थांबायचं, पहारेकऱ्यांचंसुद्धा. ते सांगायचे, कैदी आला की पहिल्यांदा त्याला कार्ड द्यायचं. तो कायदाच आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ७० व्या कलमात तो लिहिलेला आहे: छावणीत पोचल्यापासून फार तर एका आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि युद्धकैद्यांच्या मध्यवर्ती कचेरीला कार्ड लिहू द्यायचं. मी पकडला गेलो आहे, माझा पत्ता हा, माझी तब्येत अशी. बस्स, एवढंच. आबांना त्या कैद्यांची भाषा पुरती यायची नाही, पण कार्ड लिहिताना माणसाचा चेहरा कसा होतो ते त्यांनी पाहिलं होतं. "बोटात पेन धरवत नसायचं," ते म्हणायचे, "बंदूक धरलेली बोटं, पण पेन थरथरायचं."

म्हणून आबांना तो सिनेमा पटला नव्हता. कैदी उरला म्हणजे कुठेतरी एक कार्ड गेलं नाही, एक नाव यादीत चढलं नाही. ज्याच्या हातात यादी होती, त्याला आधी विचारायला हवं होतं. बाण नंतर.

अमेरिकेचे हे सिनेमे एकापाठोपाठ आले. १९८३ मध्ये 'अनकॉमन व्हॅलर', त्यात मुलाला शोधायला निघालेला बाप. १९८४ मध्ये चक नॉरिसचा 'मिसिंग इन अ‍ॅक्शन'. १९८५ मध्ये रॅम्बो दुसऱ्यांदा. पॅरिसचा करार १९७३ च्या जानेवारीत झाला आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ५९१ अमेरिकी कैदी घरी परतले. पण अडीच हजारांहून जास्त माणसांचा हिशोब लागला नव्हता. कितीतरी विमानं जंगलात, समुद्रात पडली होती. ज्यांचं प्रेत मिळालं नाही त्यांच्या घरच्यांनी आशा सोडायची कशी? त्या घरच्यांनी एक काळा झेंडा केला. त्यावर मान खाली घातलेल्या माणसाची छाया, मागे टेहळणीचा मनोरा आणि काटेरी तार. तो झेंडा अमेरिकेतल्या सरकारी इमारतींवर आजही चढतो.

सिनेमाने त्या दुःखाचं काय केलं? हरलेलं युद्ध पुन्हा उघडलं, आणि या वेळी जिंकलं. रॅम्बोच्या कथेत एक बारकी गोष्ट मात्र खरी आहे, म्हणून ती मला अजून आवडते. त्याला पाठवतात ते कैदी सोडवायला नव्हे, फक्त फोटो काढायला. साहेबांची अपेक्षा अशी की पिंजरे रिकामे निघतील, रिकाम्या पिंजऱ्यांचे फोटो छापून येतील आणि फाइल बंद होईल. सरकारी दप्तरात नको असलेलं माणूस कसं नाहीसं होतं, हे कुणीतरी तिथे नेमकं ओळखलं होतं. पण मग त्याच सिनेमात ज्या देशाच्या भूमीवर हे सगळं घडतं, तिथली माणसं फक्त पडण्यासाठी येतात. त्यांना नाव नाही, आई नाही. व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक तीन लाखांच्या घरात सांगितले जातात. त्यांच्या आयांनीही वाटच पाहिली. त्यांच्यासाठी कुणी धनुष्य उचललं नाही. हे मी त्या सिनेमाला माफ करू शकत नाही.

पुढे अमेरिकेच्या सिनेटने एक समिती नेमली. जॉन केरी तिचे अध्यक्ष होते, आणि हनोईच्या तुरुंगात साडेपाच वर्षं काढलेले जॉन मॅकेन सदस्य. १९९३ च्या जानेवारीत अहवाल आला: कुणी अमेरिकी अजून जिवंत कैदेत असल्याचा ठोस पुरावा नाही. जे उत्तर पडद्यावर "आहेत" असं होतं, ते कागदावर असं निघालं.

खऱ्या सुटकेची एक गोष्ट आहे, तिच्यावर सिनेमा काढायचा तर फार मोठ्या मनाचा दिग्दर्शक लागेल. २१ नोव्हेंबर १९७० ची पहाट. हनोईपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या सोन ताय छावणीवर अमेरिकी कमांडो उतरले. महिनोन्‌महिने सराव केलेला, मिनिटामिनिटाचा हिशोब बसवलेला. कोठड्या फोडल्या तर आत कुणीच नाही. कैदी काही महिन्यांपूर्वीच दुसरीकडे हलवले होते. माणसं रिकाम्या हातांनी परत गेली. पण त्या हल्ल्याने उत्तर व्हिएतनाम सावध झालं, विखुरलेल्या छावण्यांतले कैदी हनोईत गोळा करून त्यांनी एकेका खोलीत बरेच जण ठेवले. वर्षानुवर्षं एकांतात राहिलेली माणसं पहिल्यांदा एकमेकांना पाहू शकली, बोलू शकली. सुटका झाली नाही, एकटेपण सुटलं. ही गोष्ट मी आबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेवढं झालं तरी पुष्कळ झालं."

आपल्याकडचा हिशोबही असाच अर्धा राहिला. १९७१ च्या युद्धातले आपले कैदी १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्यावरून परत आले. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर होते. पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे त्याच ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून पळाले होते, थेट अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले होते. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. त्या स्टेशनवर १९३२ पासून गाडी जात नव्हती. एका जुन्या नावाने घात केला, सरहद्द हाकेच्या अंतरावर असताना. आणि त्यांना वाचवलं तेही एका नावानेच. पाकिस्तानी हवाई दलातले एक अधिकारी, उस्मान हमीद, त्यांना ओळखत होते. फोन त्यांच्यापर्यंत पोचला आणि ही माणसं कोण आहेत ते कळलं. कुणीतरी नावानिशी ओळखतं, म्हणून माणूस वाचतो.

ज्यांना नावानिशी ओळखणारं कुणी पुढे आलं नाही, त्यांचा आकडा आपल्याकडे ५४ सांगतात. त्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याच्या एका इंग्रजी दैनिकात पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये 'टॉम्बे' असं नाव छापून आलं. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्या एका छापील शब्दाचा पाठपुरावा त्यांनी पुढचं सारं आयुष्य केला. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना १९७४ च्या डिसेंबरात मुलाच्या हातची चिठ्ठी मिळाली, पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक. अक्षर तपासलं गेलं, आणि सैन्याच्या दप्तरात 'युद्धात मृत्यू' खोडून 'बेपत्ता' असं लिहिलं गेलं. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द. त्या वडिलांना त्या खाडाखोडीत केवढा मुलगा परत मिळाला असेल!

पाकिस्तानने असे कुणी कैदी असल्याचं कायम नाकारलं. २००७ मध्ये नातेवाइकांचं एक पथक तिकडच्या तुरुंगांमधून फिरून आलं. कुणी सापडलं नाही.

आपल्या सिनेमानेही मग हा विषय हाती घेतला. २००४ च्या 'दीवार'मध्ये अमिताभ बच्चन तेहतीस वर्षं कैदेत आणि मुलगा अक्षय खन्ना त्यांना सोडवायला सरहद्द ओलांडतो. त्यातला बाप मला शेवटपर्यंत खरा वाटला, सुटका मात्र त्याच जुन्या गल्लीतल्या पहाटेची. मनोज वाजपेयीचा '१९७१' त्यापेक्षा प्रामाणिक. त्यात सहा जण पळतात आणि दिग्दर्शक आपल्याला खोटा सुखान्त देत नाही. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, थिएटरं मात्र रिकामी राहिली.

आबा आता नाहीत. त्यांचा प्रश्न माझ्याकडे आहे, आणि तो मी वाचकांकडे देतो आहे. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला आपापल्या ताब्यातल्या एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या दिवशी आपलं सरकार बेपत्ता सैनिकांचीही मागणी करतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची बातमी असते, आतल्या पानावर, चार-सहा ओळींची. ती शोधून वाचा.