नामावलीखालचा कोरा दगड

हाताला कंप सुटल्यापासून शिलेवर अक्षरे आखण्यापुरताच मी उरलो असून टाकी माझा शिष्य चालवतो. त्याचा रफार आता माझ्यापेक्षा सफाईने उतरतो, आणि ते पाहताना कौतुकाआधी मत्सर जागा होतो. परंतु हुतात्म्यांच्या नामावलीत मला आजवर छळत आली ती अडचण अक्षरांची नाही. शेवटच्या नावाखाली किती दगड कोरा ठेवावा, ही आहे.

फोर्टातल्या हुतात्मा स्मारकाशी माझा संबंध नाही; गिरणगावातल्या एका मंडळाची शिला तेवढी माझ्याकडे आली होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी आणि पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत ठिकठिकाणी, मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या अमदानीत, पोलिसांच्या गोळ्यांना जे बळी पडले त्यांच्यासह संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या हुतात्म्यांचा आकडा कोणी १०५ सांगतो, कोणी १०६, कोणी १०७. आणि ज्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, हे शल्य चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडताना लोकसभेत बोलून दाखवले, त्याची खात्रीची यादी मंडळाच्या गरीब कार्यवाहाने कोणत्या दप्तरातून पैदा करावी? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य मिळाले, म्हणजे चळवळीच्या मागणीचा निकाल लागला. हुकूम देणाऱ्यांचा जाबजबाब तेवढा राहूनच गेला. नामावलीभोवती चौकट काढून ती बंद करावी, तर सरकारने जे तपासले नाही ते एका पाथरवटाने परस्पर निकालात काढल्यासारखे होते.

आणि तरीही चौकटीचा मोह मला सुटत नाही. एका घरची माणसे आपल्या वडिलांचे नाव घेऊन आली, तेव्हा त्यांच्या हातातल्या जीर्ण कागदाआधी माझी नजर गेली ती माझ्या खालच्या समासाकडे! संगणकावर ग्रॅनाइट कापून देणाऱ्या कारखानदारांना ही विवंचना नाही. नाव वाढले की ते नवी पाटी काढतात, आणि यादी कधी अपुरी होती याची खूणही मागे ठेवत नाहीत. त्यांच्या पाट्यांना मी निर्जीव म्हणतो, त्यात धंदा बुडाल्याचा रागही बराच आहे.

शिष्य म्हणाला, दोन ओळी सोडू. मी तीन सोडल्या. त्यात औदार्य नव्हते. तीन ओळींनी खालचा समास वरच्याच्या बरोबर दुप्पट होतो, आणि एकही नाव वाढले नाही तरी शिला सुबक दिसते.