आईनं वाळू चाखली

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आम्ही तिघं शेजाऱ्याच्या स्लॅबच्या घरात बसून होतो. आमची कौलं फुटताना ऐकू येत होती. मधेच एक मोठा आवाज झाला. आई म्हणाली, "गेली आपली वरची भिंत."

घर वडिलांनी बांधलेलं. जांभ्याचं जोतं, मातीच्या भिंती, फणसाचं आढं, पोफळीच्या रिपा आणि वर मंगलोरी कौलं. जोतं आणि आढं तेवढं राहिलं. वाडीत सव्वाशे पोफळी होत्या, उभ्या राहिल्या अकरा. घर वर्षात बांधता येतं, पण आज लावलेली पोफळ सुपारी द्यायला सहा-सात वर्षं घेते. माझं वय तेव्हा एकसष्ट.

सरकारकडून दीड लाख मिळाले. त्यात जोत्याच्या वर फार जाता येत नाही. मुंबईच्या पोरानं कर्ज काढलं, मी दोन म्हशी विकल्या. त्या गेल्या त्या दिवशी मी जेवलो नाही, पण ते घरात कोणाला कळू दिलं नाही.

पोराचं म्हणणं, सगळा स्लॅब. माझं म्हणणं, कौलं. आपल्याकडं पाऊस आडवा येतो, उन्हाळ्यात स्लॅब तव्यासारखा तापतो. तो म्हणाला, "बाबा, वादळात बसलात कुठं?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी आत स्लॅब आणि पुढं कौलारू पडवी असं ठरलं. ढिगाऱ्यातून शाबूत कौलं वेचली, तीनशे चाळीस भरली. सुतार म्हणाला, आढं कापून उंबरा करू. आईनं साफ नाही म्हटलं. "ज्याच्या खाली झोपलो, त्याच्यावर पाय देऊ?" ते पडवीवरच चढलं.

स्लॅबच्या आधी ठेकेदाराचा टेम्पो वाळू टाकून गेला. दिसायला बारीक, स्वच्छ. मला काही संशय आला नाही. आई काठी टेकत आली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. "ही खारी हाय रं. पुळणीवरची." खाऱ्या वाळूनं आतली सळई गंजते, गंजून फुगते, मग स्लॅबचे पोपडे पडतात. आमच्या आळीत दोन घरांची तीच गत आहे. ठेकेदार म्हणाला, धुऊन घेऊ. आई ढिगावर जाऊन बसली. ऐंशीच्या वरची बाई भर उन्हात हटेना. संध्याकाळी टेम्पो येऊन वाळू उचलून घेऊन गेला. त्या आठवड्यात काम बंद राहिलं, पोराचे फोनवर फोन. मी काय सांगणार?

नंतर स्लॅब पडला, त्यावर मातीची आळी करून पंधरा दिवस पाणी धरलं. आमची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, म्हणून पाणी वरच्या वाडीतल्या विहिरीवरनं आणलं. तेही आईनं आधी चाखलं.

नव्या घरातला पहिला मोठा पाऊस रात्री आला. सवयीनं मी उठलो, पातेली कुठं ठेवायची बघायला. कुठंच गळत नव्हतं. आत पाऊस ऐकूसुद्धा येत नव्हता. दार उघडं दिसलं म्हणून बाहेर गेलो. आई पडवीत कांबळं पांघरून आडवी झाली होती, वर कौलं वाजत होती. "आत जाऊन नीज," म्हटलं. म्हणाली, "आत काय कळंत न्हाय, पाऊस हाय का गेला."