किल्ल्या केव्हा द्यायच्या?

मैत्रिणींनो, 'नेतृत्व' हा शब्द ऐकला की आपल्याला आधी निवडणुकीची पोस्टरं आठवतात. मला मात्र आज बोलायचंय ते कारखान्यातल्या नेतृत्वाबद्दल. "ते आमचे हे बघतील" म्हणून लगेच पाककृतींच्या पानावर जाऊ नका हं! हा विषय आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचा आहे.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागात गाळ्या-गाळ्यांतून लहानमोठे कारखाने चालतात. अशाच एका गाळ्यात मी हिशेब लिहिते. नाव नाही सांगत, रोजचं मीठभाकर तिथलंच आहे. आमच्याकडे पॅकिंगला बावीस बायका आहेत आणि त्यांतली एक गेली चौदा वर्षं आहे. यंत्र अडलं की मेकॅनिकच्या आधी हाक तिला. नवी मुलगी आली की बसवायची तिच्या शेजारी. खोक्यात दोन नग कमी असतील तर ती नुसतं उचलून सांगते. पण या चौदा वर्षांत तिच्यावर तीन सुपरवायझर आले, तिन्ही बाहेरून. काम त्यांना हिनंच शिकवलं आणि वर्ष-दीड वर्षात ते दुसरीकडे निघून गेले. आता चौथ्याचा शोध चाललाय. परवा शेठ मला म्हणाले, "बाई, तयार माणूस मिळतच नाही हो!"

तयार माणूस! जसं काही दुकानातलं मसाल्याचं पाकीटच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात लिज्जत पापड घोळतोय. त्याची जाहिरात आपल्याला पाठ, पण कारभार कसा चालतो ते थोड्यांनाच ठाऊक असतं. १५ मार्च १९५९ला गिरगावातल्या एका गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं निघाली. पावसाळा आला आणि पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी या बायकांनी काय केलं असेल? एक खाट घेतली, तिच्यावर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवून ठेवला! कुठल्या मॅनेजरला सुचलं असतं हे? सुरुवातीला स्वस्तातला, जरा हलका पापडही त्या करत. छगनबापांनी सांगितलं, प्रतीत तडजोड नको, हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपयांची झाली. आज देशभर शाखा आहेत आणि सभासद भगिनी हजारोंनी आहेत.

मला मोठं वाटतं ते पुढचंच. तिथं पुरुष पगारावर नोकरी करू शकतात, पण सभासद फक्त बायका. पहाटे शाखेत यायचं, कालचे लाटलेले पापड द्यायचे, वजन-तपासणी करून मजुरी घ्यायची आणि नवं पीठ घेऊन घरी जायचं. कुणी पीठ मळते, कुणी वजन करते, कुणी पाकिटं भरते. शाखेची संचालिका निवडायची ती या भगिनींतूनच. एकवीस जणींची मध्यवर्ती समितीही त्यांचीच. ज्या स्वाती पराडकर संस्थेच्या अध्यक्ष झाल्या, त्यांनी लहानपणी आईबरोबर पापड लाटले होते. पहिल्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे तयार माणूस कुठून आला? पोळपाटावरून!

माझ्या सासूबाई हेच वेगळ्या तऱ्हेनं करत. लोणच्याचा घाट घातला की हातपाय धड असतानाच त्यांनी मला पुढे बसवलं. कैऱ्या मी कापायच्या, मीठ मी घालायचं, त्या बाजूला पाटावर बसून नुसत्या बघायच्या. विचारलं तरच बोलायच्या. नाहीतर कितीतरी घरांत बघा, सून पन्नाशीला येते तरी डब्यांच्या किल्ल्या सासूच्या कमरेला, आणि वर तक्रार, "हिला काही येत नाही!"

आमच्या बाईंशी मी बोलले. वाटलं होतं, आनंदानं हो म्हणेल. ती म्हणाली, "नको ताई. मला इंग्रजी मेल लिहिता येत नाहीत. कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसलेल्या बायका उद्या माझं ऐकतील का? आणि मुलीची बारावी आहे. सुपरवायझरला सातपर्यंत थांबावं लागतं, मग घरी पोळ्या कोण करणार?" पहिल्या दोन्ही गोष्टींना उपाय आहेत. मेल मी दाखवीन, आणि बायका आत्ताही तिचंच ऐकतात. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र मी अडखळले. बाईचं घोडं बुद्धीपाशी फार क्वचित अडतं, संध्याकाळपाशी मात्र हटकून अडतं. लोकलचंच बघा ना. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि १९९३ला विरारपर्यंत आली. बसायला जागा मिळाली तर बाई उशिराची नोकरी धरते, हे रेल्वेलाही उमगलं होतं!

मग मी शेठना चार गोष्टी स्पष्टच सांगितल्या. तीन महिने तिला एक पाळी सांभाळू द्या. हजेरी आणि मालाचं रजिस्टर तिच्या हाती द्या. काम वाढतंय तर पगार पहिल्या दिवसापासून वाढवा, "आधी करून दाखव" नको. आणि शेवटची मोजदाद सहाच्या आत उरकेल असं बघा, ट्रक काही सातलाच येत नाही. शेठ "बघू" म्हणाले. शेठ लोकांचं 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नकोच. पण रजिस्टर सोमवारपासून तिच्याकडे द्यायला ते कबूल झालेत.

काल जाताना तिनं माझ्याकडून जुनं भरलेलं रजिस्टर मागून घेतलं. रविवारी घरी कोऱ्या वहीत रकाने आखून बघणार आहे म्हणे. नवऱ्याला अजून काही बोललेली नाही.

तुमच्यापैकी कुणी कामावर अशी जबाबदारी घेतली असेल, तर संध्याकाळच्या स्वयंपाकाची, मुलांच्या अभ्यासाची सोय कशी लावलीत, घरातल्यांशी पहिल्यांदा कसं बोललात, ते मला जरूर लिहून कळवा. सोमवारी डबा खाताना तिला वाचून दाखवीन.